यापोन्चिक ऊर्फ व्याचेस्लाव इवान्कोव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोव्हिएत संघ मोडल्यानंतरच्या गुन्हेगारी जगावर लिहिलं की वाचकांचे प्रश्न फिरून फिरून एकाच माणसापाशी येतात. नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. न्यायालयात जे ठरलं ते सरळ लिहिलं आहे. जो पोलिसांचा किंवा वर्तमानपत्रांचा दावा आहे, तिथे तसं म्हटलं आहे. एकदा सांगितलेलं पुन्हा उगाळलेलं नाही, कंसातला क्रमांक पाहून मागेपुढे जावं.

१. हा यापोन्चिक नेमका कोण? थोडक्यात सांगा.

व्याचेस्लाव किरिलोविच इवान्कोव. जन्म २ जानेवारी १९४०, जॉर्जियातल्या तिबिलिसी शहरात, वाढला मॉस्कोत. तरुणपणी कुस्ती खेळायचा. पुढे दरोडे, खंडणी, सोव्हिएत तुरुंग, मग न्यूयॉर्क, तिथला तुरुंग आणि परत मॉस्को असा त्याचा प्रवास झाला. २८ जुलै २००९ रोजी मॉस्कोत त्याच्यावर गोळी झाडली गेली आणि ९ ऑक्टोबर २००९ रोजी तो वारला. वय ६९. सोव्हिएत काळ आणि त्यानंतरचा काळ, दोन्हींत ज्याचा शब्द गुन्हेगारी जगात चालला अशा मोजक्या लोकांपैकी तो एक.

२. नाव जपानी, जन्म जॉर्जियात, मग तो रशियन कसा?

आईवडील रशियन. तिबिलिसी तेव्हा सोव्हिएत संघातच होतं, त्यामुळे तिथे रशियन कुटुंबं असणं अगदी सर्वसाधारण होतं. 'यापोन्चिक' म्हणजे छोटा जपानी. डोळ्यांच्या ठेवणीवरून पडलेलं टोपणनाव. त्याच्या आधी ओडेसा शहरात मिश्का यापोन्चिक नावाचा एक नामचीन गुंड होऊन गेला होता. तो १९१९ मध्ये मारला गेला. दोघांची गल्लत बरेचजण करतात, म्हणून हे सांगून ठेवलं. जुन्या गुंडाच्या नावाला वजन होतं आणि ते नव्याला आयतं मिळालं, एवढाच दोघांचा संबंध.

३. सगळीकडे त्याला 'व्होर' म्हणतात. व्होर म्हणजे डॉनच ना?

नाही, आणि हा फरक कळला नाही तर पुढचं काहीच नीट कळणार नाही.

डॉन म्हणजे टोळीचा मालक. व्होर ही पदवी आहे. पूर्ण नाव 'व्होर व झाकोने': चोरांच्या स्वतःच्या कायद्याने चालणारा चोर. स्टालिनच्या काळातल्या छळछावण्यांत ही जमात तयार झाली. जुने व्होर एकत्र बसायचे, उमेदवाराची तुरुंगातली वागणूक तपासायचे, त्याच्यासाठी शब्द टाकणारे उभे राहायचे आणि मग त्याला 'मुकुट' चढायचा. मुकुट अर्थात बोलण्यापुरता. अंगावर गोंदलेले तारे मात्र खरे. असल्या बैठकीला म्हणतात 'स्खोद्का'. कैद्यांसाठी आणि अडचणीतल्या साथीदारांसाठी जी सामायिक तिजोरी असते ती 'ओब्शचाक'. तिच्यावर व्होरची देखरेख असते आणि त्याच्या वजनाचं एक कारण तेच.

नियम कडक होते. सरकारची नोकरी करायची नाही, सैन्यात जायचं नाही, पोलिसांशी बोलायचं नाही, घरसंसार मांडायचा नाही. दुसऱ्या महायुद्धात काही कैदी लाल सैन्यातर्फे लढून आले आणि पुन्हा तुरुंगात पडले. जुन्यांनी त्यांना गद्दार ठरवलं आणि १९४५ नंतर कित्येक वर्षं छावण्यांमध्ये दोन्ही बाजूंनी सुरे चालले. त्यातून जे उरले, त्यांच्या पुढच्या पिढीतला हा इवान्कोव. त्याला पदवी मिळाली ती १९७४ च्या सुमारास, मॉस्कोच्या बुतिर्का तुरुंगात.

व्होरचं खरं काम म्हणजे मांडवली. दोन टोळ्यांत पैशावरून, बाजारावरून, शब्दावरून वाद झाला की दोन्हीकडचे लोक त्याच्याकडे येतात आणि तो निवाडा देतो. निवाड्याचा मोबदला मिळतो. त्याच्या हाताखाली शंभर माणसं असलीच पाहिजेत असं नाही. त्याचा निवाडा मोडायची कुणाची छाती होऊ नये, एवढं पुरतं. इवान्कोवचा जीव कशापायी गेला ते यावरून कळतं (प्रश्न १३).

४. सोव्हिएत संघात सगळंच सरकारी होतं. मग हे लोक लुटायचे कुणाला?

कागदावर सगळं सरकारी होतं. दुकानात मात्र माल नसायचा. जीन्सपासून गाडीच्या सुट्या भागांपर्यंत सगळ्याचा काळाबाजार होता, आणि सरकारी कारखान्याच्या आडोशाने चोरून माल बनवून विकणारे लोकही होते. त्यांच्याकडे रोकड असायची, सोनं असायचं, आणि लुटलं गेलं तरी पोलिसांकडे जायची सोय नसायची. तक्रार केली तर पहिला प्रश्न यायचा, एवढं आणलंत कुठून?

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला 'मंगोल' या टोपणनावाच्या गेन्नादी कार्कोवची टोळी मॉस्कोत नेमक्या अशाच लोकांच्या मागे लागली आणि इवान्कोव तिच्यात तयार झाला. पद्धत ठरलेली होती. पोलिसी गणवेश चढवायचा, झडतीचा खोटा हुकूम दाखवायचा आणि घर साफ करायचं. जो बोलत नसेल त्याला शहराबाहेर जंगलात न्यायचं. तिथे माणसाला शवपेटीत घालून वरून करवत चालवायचे, अशा गोष्टी या टोळीबद्दल आजही सांगितल्या जातात. १९७२ मध्ये मंगोल पकडला गेला आणि त्याला १४ वर्षं झाली. इवान्कोव त्या खटल्यातून निसटला, पण खोटा गणवेश आणि खोटा कागद घेऊन काळाबाजारवाल्याच्या दारात उभं राहायचं तंत्र त्याने सोडलं नाही.

५. म्हणजे आपल्या मुंबईच्या भाईंसारखंच की!

हे बहुतेक प्रत्येक पत्रात असतं. साम्य आहे ते मुळाशी: दोन्हीकडे टंचाई आणि निर्बंधांनी गुन्हेगारीला खतपाणी घातलं. सोन्याच्या आयातीवर बंधनं होती तोवर मुंबईच्या किनाऱ्यावर तस्करांची चलती होती. मॉस्कोत तेच काम रिकाम्या दुकानांनी केलं. मांडवली, हप्ता, वसुली हे शब्द तर जसेच्या तसे लागू पडतात.

पण मुंबईत भाई होतो तो ताकदीवर आणि पैशावर. त्याला कुणी बैठक घेऊन पदवी देत नाही आणि बैठक घेऊन काढूनही घेत नाही. व्होरची पदवी बैठकीत रद्द होऊ शकते, आणि 'याची पदवी खरी की विकत घेतलेली' या वादावरून तिकडे रक्त सांडलं आहे. आमच्या गल्लीतल्या भाईला हे ऐकवलं तर त्याला हसू येईल.

६. त्याला १४ वर्षांची शिक्षा झाली होती म्हणतात. मग १९९१ मध्ये बाहेर कसा?

१९८२ मध्ये दरोडे, शस्त्रं, बनावट कागदपत्रं अशा प्रकरणांत त्याला १४ वर्षं झाली. शिक्षेचा मोठा भाग त्याने सैबेरियात, इर्कुत्स्क प्रांतातल्या तुलुन तुरुंगात काढला. तो सुटला नोव्हेंबर १९९१ मध्ये, म्हणजे साधारण दहा वर्षांत.

सुटकेसाठी काही नामांकित मंडळींनी अर्जविनंत्या केल्या होत्या. न्यायाधीशाला पैसे चारल्याचा आरोपही झाला. तारखेकडे मात्र बघा. ऑगस्ट १९९१ मध्ये फसलेलं बंड, डिसेंबरमध्ये सोव्हिएत संघ बरखास्त. त्या तीन-चार महिन्यांत शिक्का कुणाच्या हातात आहे हेच धड ठरत नव्हतं. अशा वेळी एक फाईल पुढे सरकली यात नवल नाही.

७. अमेरिकेने असल्या माणसाला व्हिसा दिलाच कसा?

मार्च १९९२ मध्ये तो अमेरिकेत उतरला तो व्यवसायाच्या व्हिसावर, चित्रपटधंद्यात काम करणार असं सांगून. दहा वर्षं तुरुंगात काढलेला माणूस इतक्या सहज कसा गेला, असं आज वाटतं. पण तेव्हा मॉस्कोच्या पोलीस दप्तरांशी ताडून बघायची व्यवस्थाच उभी राहिली नव्हती. एफबीआयचं मॉस्कोतलं कार्यालय उघडलं जुलै १९९४ मध्ये.

८. तो खरंच अमेरिकेतल्या 'रशियन माफियाचा बाप' होता का?

इथे मला जरा सावकाश लिहायचं आहे, कारण नव्वद टक्के दंतकथा याच तीन वर्षांतल्या आहेत.

न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या टोकाला समुद्रकाठी ब्रायटन बीच नावाची वस्ती आहे. १९७० च्या दशकापासून सोव्हिएत संघातून बाहेर पडलेली ज्यू कुटुंबं तिथे येऊन राहिली. रशियन पाट्या, रशियन पाव, रशियन वर्तमानपत्रं. त्या गर्दीत थोडे गुन्हेगारही आले आणि इवान्कोव येण्याच्या कितीतरी आधीपासून त्यांचे धंदे चालू होते. पेट्रोल-डिझेलवरचा कर बुडवण्याचं त्यांचं प्रकरण तर प्रचंड गाजलं होतं. म्हणजे इवान्कोवने तिथे शून्यातून काही उभारलं, ही पहिली दंतकथा बाजूला ठेवावी लागते.

१९९३ च्या सुरुवातीला रशियाच्या गृह मंत्रालयाने एफबीआयला कळवलं की अमेरिकेतल्या रशियन गुन्हेगारीवर ताबा ठेवायला हा माणूस तिकडे आला आहे. एफबीआयने मे १९९४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये रशियन गुन्हेगारीसाठी खास पथक तयार केलं. कॅनडाच्या पोलिसांनी टोरांटोतल्या त्याच्या साथीदारांचे फोन ऐकले आणि त्यांची मोठी मदत झाली. वर्तमानपत्रांनी त्याला एका दमात सर्वोच्च म्होरक्या करून टाकलं.

त्याच्या बाजूचे उलटंच सांगत. त्यांच्या मते रशियन माफिया हे एफबीआयचं पिल्लू होतं. शीतयुद्ध संपलं, नवा शत्रू हवा होता. हेही पूर्ण खरं नाही, कारण खंडणीचा गुन्हा पुढे पुराव्यानिशी सिद्ध झाला (प्रश्न ९).

माझं मत विचाराल तर तो इथेही मॉस्कोत जे करायचा तेच करत होता. वाद मिटवायचे, वसुलीला वजन द्यायचं, नाव पुढे करून पैसा काढायचा. न्यूयॉर्कमधल्या निरनिराळ्या टोळ्या त्याच्या नोकर नव्हत्या. त्याच्या नावाला मात्र सगळ्याच घाबरत होत्या, आणि ती भीती वाढवायला एफबीआय आणि पत्रकार यांचाही हातभार लागला.

९. मग एफबीआयने त्याला शेवटी कशात पकडलं?

खंडणीत. मॉस्कोतली 'चारा' नावाची बँक बुडाली. तिचे पैसे न्यूयॉर्कमध्ये गुंतवणूक सल्ल्याचा धंदा करणाऱ्या दोन रशियन व्यावसायिकांकडे अडकले होते. ते वसूल करायला इवान्कोवची माणसं पुढे झाली. मागणी होती ३५ लाख डॉलरची. त्यातल्या एका व्यावसायिकाच्या वडिलांना मॉस्कोत मारून टाकण्यात आलं. मे १९९५ मध्ये दोघांना न्यूयॉर्कच्या एका हॉटेलातून उचलून नदीपलीकडे न्यू जर्सीतल्या एका रेस्टॉरंटमध्ये नेलं आणि पैसे देण्याच्या करारावर सह्या घेतल्या. दोघांनी तोवर एफबीआयचं दार ठोठावलेलं होतं.

८ जून १९९५ च्या सकाळी त्याला अटक झाली. बाहेर आणताना कॅमेरे रोखले गेले तसा तो पत्रकारांवर थुंकला आणि लाथा झाडू लागला. ती दृश्यं अमेरिकेत घराघरांत दिसली.

खटल्यात बचाव असा होता की ही निव्वळ थकबाकीची वसुली आहे. ज्यूरीने तो मानला नाही. जुलै १९९६ मध्ये तो दोषी ठरला आणि जानेवारी १९९७ मध्ये नऊ वर्षं सात महिने शिक्षा झाली. या खटल्यात खून नव्हता, अमली पदार्थ नव्हते. 'सर्वोच्च म्होरक्या' म्हणून गाजलेल्या माणसाविरुद्ध न्यायालयात उभं राहिलं ते एक खंडणीचं प्रकरण, आणि त्याच्या जोडीला अमेरिकेत राहता यावं म्हणून बनावट लग्न केल्याचा आरोप.

१०. मॉस्कोच्या खून खटल्यातून तो निर्दोष सुटला. साक्षीदार फोडले होते का?

प्रकरण फेब्रुवारी १९९२ चं, म्हणजे तो अमेरिकेला जाण्याच्या थोडं आधीचं. मॉस्कोतल्या एका रेस्टॉरंटमध्ये बाचाबाची झाली, गोळ्या चालल्या, दोन तुर्की नागरिक ठार आणि तिसरा जबर जखमी झाला. अमेरिकेतली शिक्षा संपल्यावर जुलै २००४ मध्ये त्याला याच गुन्ह्यासाठी रशियाच्या ताब्यात दिलं गेलं.

जुलै २००५ मध्ये मॉस्कोच्या ज्यूरीने त्याला निर्दोष ठरवलं. साक्षीदार उभे राहिले, त्यांत एक पोलीसही होता, आणि आपण या माणसाला आयुष्यात कधी पाहिलं नाही असं त्यांनी सांगितलं. तेरा वर्षांपूर्वीची घटना, ओळख पटवण्यावर बेतलेला खटला आणि आरोपीच्या पिंजऱ्यात यापोन्चिक. साक्षीदार फोडल्याचं कुठे सिद्ध झालेलं नाही, त्यामुळे तसं लिहिता येत नाही. त्या साक्षीदारांच्या जागी स्वतःला ठेवून बघा, एवढंच म्हणेन.

११. त्याला मारलं कसं?

२८ जुलै २००९ ची संध्याकाळ. मॉस्कोच्या खोरोशेव्स्कोये रस्त्यावरचं 'ताइस्की स्लोन' हे थाई जेवणाचं रेस्टॉरंट. इवान्कोव जेवून बाहेर पडला आणि गाडीकडे निघाला. समोर एक गॅझेल उभी होती. आपल्याकडे टेम्पो जसा कोपऱ्याकोपऱ्यावर उभा असतो तशी तिकडे ही गाडी, त्यामुळे तिच्याकडे कुणी वळूनही बघत नाही. आत स्नायपर दबा धरून होता. गोळी पोटात लागली. दुर्बीण लावलेली द्रागुनोव्ह रायफल मारेकऱ्याने गाडीतच टाकली आणि पसार झाला.

हत्यार मागे टाकून जाणं हा निष्काळजीपणा नव्हे. सुपारी घेऊन मारणारे ते मुद्दाम टाकतात. रायफलसह पकडलं जाण्यापेक्षा ती सापडलेली बरी.

१२. गोळी जुलैत लागली, मृत्यू ऑक्टोबरात. मग मेला कशाने?

गोळीनेच, पण उशिरा. शस्त्रक्रिया झाल्या, तब्येत कधी सुधारली, कधी ढासळली. शेवटी पेरिटोनायटिस, म्हणजे पोटाच्या आतल्या आवरणाचा जंतुसंसर्ग, हे कारण सांगितलं गेलं. ९ ऑक्टोबरला मॉस्कोच्या काशिर्स्कोये रस्त्यावरच्या कर्करोग केंद्रात तो गेला. तिथे गेला म्हणून त्याला कर्करोग होता, अशी एक समजूत पसरली आहे. जीव घेतला तो पोटातल्या गोळीने.

१३. मारलं कुणी, आणि का? जुनं अमेरिकेचं काही होतं का?

अमेरिकेचा यात संबंध दिसत नाही. वाद मॉस्कोतला होता आणि मुळात तो इवान्कोवचा नव्हताच.

एका बाजूला अस्लान उसोयान ऊर्फ देद हसान, म्हणजे हसानआजोबा. जन्म १९३७, हाही तिबिलिसीचा, यझिदी कुर्द समाजातला. दुसऱ्या बाजूला तारिएल ओनियानी ऊर्फ तारो, जॉर्जियन. जून २००५ मध्ये स्पेनच्या पोलिसांनी जॉर्जियन टोळ्यांवर मोठी धाड घातली तेव्हा ओनियानी निसटला आणि पुढे मॉस्कोत आला. तिथे त्याला आपला वाटा हवा होता, आणि जागा तर आधीच भरलेल्या होत्या. २००७ पासून दोन्हीकडची माणसं मरायला लागली.

जुलै २००८ मध्ये मॉस्कोजवळच्या पिरोगोव्स्कोये जलाशयावर एका बोटीत व्होरांची मोठी बैठक भरली होती. पोलिसांनी बोटीवरच छापा घातला आणि डझनावारी व्होर एकदम ताब्यात घेतले. थोड्याच वेळात बहुतेकांना सोडून द्यावं लागलं, कारण बोटीत बसणं हा गुन्हा नव्हता (याचं पुढे काय झालं ते प्रश्न १९ मध्ये).

या भांडणात इवान्कोवकडे मध्यस्थ म्हणून पाहिलं जात होतं. वय, पदवी, तुरुंगातली वर्षं, सगळंच जमेला होतं. पण त्याचं माप उसोयानच्या पारड्यात पडलं. मांडवली करणाऱ्याने एक बाजू घेतली की दुसऱ्या बाजूला तो पंच राहत नाही, शत्रूच्या फळीतला सर्वांत वजनदार माणूस होतो. संशय ओनियानीच्या गोटावर गेला तो यामुळे. स्वतः ओनियानी मात्र जून २००९ मध्येच अपहरणाच्या प्रकरणात अटकेत होता आणि या खुनासाठी तो दोषी ठरलेला नाही.

उसोयाननेच स्वतःच्या माणसाचा काटा काढला, असाही एक तर्क पत्रांतून येतो. इवान्कोव गेल्याने उसोयानचं नुकसानच झालं, त्यामुळे मला तो पटत नाही.

१४. अंत्ययात्रेला खरंच एवढी गर्दी होती?

शेकडो माणसं होती. १३ ऑक्टोबर २००९ रोजी वागान्कोवो दफनभूमीत त्याला पुरलं. काळ्या कोटातली, दाढी केलेली, न बोलणारी माणसं गटागटाने येत होती. माणसापेक्षा उंच पुष्पचक्रं खांद्यावरून आत जात होती आणि त्यांच्या फितींवर कुठल्या भागातून, कुणाकडून ते लिहिलेलं होतं. उसोयानच्या नावाचं चक्र आलं, उसोयान स्वतः आला नाही. पोलीस बाजूला उभे राहून चित्रण करत होते. रशियात कोण कुणाच्या शेजारी उभा आहे हे कळायला याहून चांगली जागा मिळाली नसती.

वागान्कोवोत येसेनिन आणि व्हिसोत्स्की यांच्यासारख्या कवी-कलावंतांच्या कबरी आहेत. अशा ठिकाणी गुंडाला जागा कशी, यावरून तेव्हा ओरड झाली. पण तो पायंडा जुना होता. मॉस्कोच्या गुन्हेगारी जगातलं बडं नाव ओतारी क्वान्त्रिश्विली, तोही तिथेच आहे (प्रश्न १५).

१५. दर वेळी स्नायपरच का? बॉम्ब, पिस्तुलं नाहीत?

तीही वापरली गेली. १९९० च्या दशकात गाडीखालचे बॉम्ब आणि जिन्यातली पिस्तुलं तर रोजचीच होती. पण वरच्या माणसाभोवती अंगरक्षक असतात, त्याच्या जवळ जाता येत नाही. दुरून मारणं सोपं पडतं, आणि अफगाणिस्तान व चेचन्यातल्या युद्धांनंतर रायफल चालवणारे हात तिकडे मुबलक होते.

क्रम बघा. ५ एप्रिल १९९४: क्वान्त्रिश्विली, मॉस्कोच्या क्रास्नोप्रेस्नेन्स्की स्नानगृहातून बाहेर पडताना. २००९: इवान्कोव, रेस्टॉरंटमधून बाहेर पडताना. १६ सप्टेंबर २०१०: उसोयान, त्वेरस्काया रस्त्याजवळ, जखमी होऊन वाचला. १६ जानेवारी २०१३: पुन्हा उसोयान, पोवार्स्काया रस्त्यावरच्या त्याच्या नेहमीच्या रेस्टॉरंटच्या आवारात, या वेळी मेला, तिथे काम करणारी एक स्त्रीही जखमी झाली. प्रत्येक वेळी जागा ठरलेली, माणसाची सवय ठरलेली. घर बदलता येतं, गाडी बदलता येते, पण बैठकीची जागा बदलली तर भेटायला येणारे येणार कुठे? मांडवलीचं दुकान एका जागी उघडं ठेवावंच लागतं.

१६. व्होरने लग्न करायचं नाही असा नियम आहे. याला बायको-मुलं होती. मग?

होती, दोन मुलगे होते. अमेरिकेतल्या लग्नाचं वर आलंच आहे (प्रश्न ९). नियम जुन्या छावण्यांतले. इवान्कोवच्या पिढीपर्यंत ते बरेच सैल झाले. गाड्या, बंगले, कंपन्या, सगळंच आलं. गंमत अशी की इवान्कोव स्वतःला जुन्या वळणाचा म्हणवून घ्यायचा आणि पैसे मोजून पदवी घेणाऱ्यांना नावं ठेवायचा. कुठले नियम पाळायचे हे ज्याचं त्याने ठरवलं. पोलिसांना मदत करायची नाही हा एक मात्र कुणी सोडला नाही, निदान चारचौघांत.

१७. गोव्यात 'रशियन माफिया' आहे म्हणतात. यापोन्चिक तिथे आला होता का?

मोरजी-हरमलकडचे वाचक हे हमखास विचारतात. त्याच्या वर्षांचा हिशेब मांडून बघा: १९८२ ते १९९१ सोव्हिएत तुरुंग, १९९२ ते १९९५ न्यूयॉर्क, मग अमेरिकेचा तुरुंग, २००४ ते २००५ मॉस्कोत कोठडी. उरली शेवटची चार वर्षं, ती मॉस्कोतली. गोव्याकडे रशियन पर्यटकांची विमानं वाढली ती याच शेवटच्या काळात. या दोन गोष्टी एकाच वर्षांत घडल्या, एवढ्यावर त्यांचं नातं जोडता येत नाही.

१८. बाकीच्यांचं पुढे काय झालं?

उसोयान २०१३ मध्ये मेला ते वर आलंच. त्या खुनाचा संशय अझरबैजानच्या रोव्शान जानियेव्हवर घेतला गेला. तो ऑगस्ट २०१६ मध्ये इस्तंबूलमध्ये गोळ्यांना बळी पडला. उसोयाननंतरचं स्थान झाखारी कलाशोव्ह ऊर्फ 'शाक्रो मोलोदोय' याच्याकडे आलं असं मानतात. स्पेनमधली शिक्षा भोगून तो २०१४ मध्ये मॉस्कोत परतला. डिसेंबर २०१५ मध्ये रोचदेल्स्काया रस्त्यावरच्या एका रेस्टॉरंटमधल्या वसुलीच्या वादातून गोळीबार झाला आणि त्याच प्रकरणात जुलै २०१६ मध्ये तो पकडला गेला. २०१८ मध्ये त्याला नऊ वर्षं दहा महिने झाली. ओनियानीने अपहरणाची शिक्षा रशियात भोगली आणि २०१९ मध्ये त्याला स्पेनच्या हवाली केलं गेलं.

१९. नुसतं 'व्होर' असणं हा गुन्हा होऊ शकतो का? आणि तो सिद्ध कसा करायचा?

आता होऊ शकतो. सुरुवात जॉर्जियाने केली. डिसेंबर २००५ च्या कायद्याने तिथे ही पदवी धारण करणं हाच गुन्हा ठरला. पुरावा आणायचा कुठून? जॉर्जियन पोलिसांनी व्होरांचाच नियम हत्यार म्हणून वापरला. आपली पदवी नाकारायची नाही असा त्यांचा दंडक आहे. न्यायालयात विचारायचं, 'तू व्होर आहेस का?' हो म्हटलं की शिक्षा, नाही म्हटलं की आपल्या लोकांत पत गेली. अनेकांनी हो म्हटलं. कितीतरी देश सोडून रशियात आणि युरोपात गेले, आणि मॉस्कोतली गर्दी वाढली ती याने. प्रश्न १३ मधल्या भांडणाचं एक मूळ इथे आहे.

रशियाने असा कायदा केला तो एप्रिल २०१९ मध्ये: गुन्हेगारी श्रेणीत सर्वोच्च स्थान असणं हाच गुन्हा, ८ ते १५ वर्षं. जलाशयावरची ती बोट आज पकडली असती तर सगळे इतक्या लवकर घरी गेले नसते. महाराष्ट्रातल्या वाचकांना १९९९ चा मकोका आठवेल, पण मकोकात टोळीचं सदस्यत्व आणि टोळीची गुन्हेगारी कृत्यं दाखवावी लागतात. रशियाच्या कलमात निव्वळ स्थान दाखवलं की पुरतं, म्हणून तिथले वकील त्यावर टीका करतात. टॅटू, तुरुंगातून फिरलेल्या चिठ्ठ्या, जाणकारांची साक्ष अशा गोष्टींवर खटले चालतात.

त्याला उत्तर म्हणून व्होरांनीही वाट काढली. न्यायालयात किंवा पोलिसांसमोर पदवी नाकारली तर ती नाकारली असं धरायचं नाही, असं आता मानलं जातं. त्यामुळे हल्ली आरोपीच्या पिंजऱ्यातून 'मी साधा पेन्शनर आहे' असं उत्तर येतं, आणि बाहेर कुणाचीच पत जात नाही.